त्बिलिसीचे ऑपेरागृह: तिकीट काढण्याआधी एवढे वाचा

जॉर्जियाच्या सहलीत त्बिलिसीची एक संध्याकाळ आम्ही मोकळी ठेवतो. ऑपेरा किंवा बॅलेचे तिकीट सहलखर्चात धरलेले नाही. कोणाला गाणे ऐकायचे असते, कोणाला नृत्य पाहायचे असते, तर कोणाला नुसती इमारत पाहणे पुरते. इमारत पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, समोर दिसते ते सगळे एका काळातले नाही. दर्शनी भाग १८९६चा आहे, प्रेक्षागृह १९७३च्या आगीनंतर नव्याने उभारलेले आहे, आणि त्यावर २०१६मध्ये संपलेल्या मोठ्या दुरुस्तीचा हात फिरलेला आहे.

पहिले नाट्यगृह तर या जागी नव्हतेच. ते होते आजच्या स्वातंत्र्य चौकात. तेव्हा जॉर्जिया रशियन साम्राज्यात होता, आणि रशियन व्हाइसरॉय व्होरोन्त्सोव यांना शहरात नाट्यगृह हवे होते. तामामशेव या व्यापाऱ्याला चौकातली जागा फुकट मिळाली, अट एवढीच की नाट्यगृह त्याने बांधायचे. त्याने सोबत दुकानांची सराईही बांधून घेतली, म्हणजे भाड्याची सोय झाली. आराखडा इटालियन वास्तुकार स्कुदिएरी यांचा, सजावट चित्रकार गागारिन यांची. १८५१च्या नोव्हेंबरात इटालियन मंडळीने दोनिझेत्तीच्या 'लुचिया दि लाम्मेरमूर'ने ऑपेराचा पहिला हंगाम सुरू केला. १८७४मध्ये आग लागली आणि पोशाख, नेपथ्य, ग्रंथसंग्रह सगळे गेले. सराई पुन्हा उभी राहिली, नाट्यगृह नाही. पुढे १९३४मध्ये सराईही पाडली गेली, तेव्हा चौकात तिचे अवशेष शोधण्यात वेळ घालवू नका.

नव्या इमारतीला २२ वर्षे लागली. तोवर तात्पुरत्या नाट्यगृहावर भागवले गेले. विख्यात गायक शाल्यापिन १८९३मध्ये 'आयदा' या ऑपेरात उभा राहिला तो त्या तात्पुरत्या जागेत. आजच्या इमारतीत त्याने पदार्पण केले असे कोणी सांगितले तर मान हलवून पुढे चला. रुस्तावेली रस्त्यावरची ही इमारत वास्तुकार व्हिक्टर श्र्योटर यांची. नालाकृती कमानी आणि आडवे पट्टे पाहून अनेकांना ती मशीद वाटते. ती मूरिश, म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या मुस्लिम इमारतींची धाटणी आहे. मुंबईतल्या इंडो-सारासेनिक इमारतींसारखीच ही त्या काळच्या युरोपीय वास्तुकारांची आवड.

जॉर्जियन भाषेतला ऑपेरा इथे खऱ्या अर्थाने रुजवला संगीतकार जकारिया पालियाश्विली यांनी. लोकगीते आणि चर्चमधले अनेक स्वरांचे समूहगायन त्यांनी त्यात आणले. 'अबेसालोम दा एतेरी' १९१९मध्ये आला, 'दाइसी' १९२३मध्ये. १९३७पासून नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. त्यांची समाधी शेजारच्या बागेत आहे.

पहिल्यांदाच ऑपेरा पाहणार असाल तर आमचे मत 'दाइसी'ला. तो तीन अंकी आहे आणि त्यात जॉर्जियन नृत्येही आहेत. 'अबेसालोम' चार अंकी आणि संथ आहे, दिवसभर डोंगरात फिरून आल्यावर तो झेपत नाही. बॅले हवा असेल तर भाषेचा प्रश्नच नाही. २००४पासून बॅले विभाग विख्यात बॅले नर्तकी निना अनानियाश्विली यांच्याकडे आहे.

आसन निवडताना स्वस्त तिकिटाला भुलू नका. नालाकृती प्रेक्षागृहात टोकाच्या बाजूच्या जागांवरून आवाज उत्तम येतो, पण रंगमंचाची जवळची बाजू कापली जाते. ऑपेरात हे चालून जाते, बॅलेत नाही. बॉक्समध्ये पुढच्या खुर्च्याच मागा, मागे बसलेल्याला मान वाकवून पाहावे लागते. मधोमध असलेली वरच्या मजल्यावरची जागा बॅलेसाठी उत्तम, कारण नर्तकांच्या रांगांची रचना वरूनच नीट कळते.

प्रयोगाच्या अर्धा तास आधी पोहोचा. कोट आणि मोठ्या पिशव्या क्लोकरूममध्ये ठेवा. प्रयोग सुरू झाला की उशिरा आलेल्यांना मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावे लागू शकते. पदाला 'वन्स मोअर' द्यायची आपली सवय इथे आवरा, टाळ्या मात्र मोकळेपणाने वाजवा. ऑगस्टमध्ये नेहमीचा हंगाम नसतो, त्या महिन्यातल्या गटांना इमारत बाहेरूनच दाखवली जाते. बाकीच्यांनी ऑपेरा की बॅले हे सहल निघण्याच्या १५ दिवस आधी कळवावे, म्हणजे जागा एकत्र मिळतात.