अल्पखर्ची भयपटांतील कृत्रिम रक्त व जखमा

पडद्यावरची जखम, रक्तस्राव किंवा तुटलेला अवयव खरा वाटावा म्हणून रंगभूषाकार जो द्रव तयार करतो आणि त्याच्या जोडीने जे लेप, नळ्या व साचे वापरतो, त्यांचा समावेश या विषयात होतो. भरपूर पैसा असलेल्या निर्मितीत तयार रक्त विकत घेतले जाते आणि सिलिकॉनचे अवयव ओतून घेतले जातात. थोड्या पैशांत भयपट काढणाऱ्यांनी मात्र ही कला बव्हंशी स्वयंपाकघर, औषधाचे दुकान आणि खाटिक यांच्या आधाराने वाढवली.

तिचे मूळ रंगभूमीत आहे. पॅरिसमधील ग्राँ गिन्योल या नाट्यगृहात (१८९७–१९६२) ग्लिसरिनमध्ये किरमिजी रंग कालवून रक्त बनवत. हा रंग किड्यांपासून काढला जातो, आणि मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्दही किड्याच्याच फारसी नावावरून आलेला आहे. कृष्णधवल चित्रपटात रंगाचा प्रश्नच नव्हता. तेथे दाटपणा आणि गडदपणा साधला की काम भागे, म्हणून ‘सायको’मध्ये (१९६०) चॉकलेट सिरप वापरले गेले. सुमारे १,१४,००० डॉलरांत तयार झालेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्येही (१९६८) रक्त म्हणून तेच होते. प्रेते मांस खातात त्या दृश्यासाठी भाजलेल्या डुकराच्या मांसावर सिरप ओतले गेले, आणि आतडी गुंतवणूकदारांपैकीच एका खाटकाने पुरवली.

रंगीत फिल्म आल्यावर खरी अडचण उभी राहिली. ‘डॉन ऑफ द डेड’मधील (१९७८) तयार द्रव पडद्यावर मेणाच्या खडूसारखा भडक दिसला, याबद्दल रंगभूषाकार टॉम सॅव्हिनी यांनी नाराजी व्यक्त केली होती. नुसता तांबडा खाद्यरंग पाकात घातला की छटा गुलाबी दिसते. रक्त मात्र पातळ थरात पारदर्शक व तेजस्वी, साचले की अपारदर्शक व काळसर आणि वाळले की तपकिरी दिसते. या तीन अवस्था एकाच मिश्रणातून साधत नाहीत, त्यामुळे जाणकार रंगभूषाकार ताज्या आणि जुन्या रक्ताच्या बाटल्या वेगळ्या ठेवतो. अमेरिकी रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी रूढ केलेल्या पाककृतीत मक्याचा पाक, तांबडा व पिवळा खाद्यरंग, पाक नासू नये म्हणून मिथाइलपॅराबेन आणि फिल्म धुताना वापरायचे फोटो-फ्लो हे ओले करणारे द्रव्य होते. या शेवटच्या घटकामुळे रक्ताचे थेंब न होता ते कापडात मुरते व त्वचेवर पसरते, पण तो विषारी असल्याने हे मिश्रण तोंडाजवळ चालत नाही. ‘द ईव्हिल डेड’मध्ये (१९८१) मक्याच्या पाकात खाद्यरंग आणि कॉफीत घालायची दुधाविना बनवलेली पावडर मिसळून अपारदर्शकपणा आणला होता. भारतात मक्याच्या पाकाऐवजी मिठाईवाल्यांकडचे लिक्विड ग्लुकोज सोयीचे पडते, कारण साध्या साखरेच्या पाकाला काही वेळाने खडे धरतात. गडदपणासाठी चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब पुरतो. पाकाचे रक्त चिकट असते, त्यावर मुंग्या व माश्या येतात आणि वाळल्यावर कपडे कडक होतात. त्यामुळे एकाच वेषाचे दोन-तीन संच हाताशी नसतील, तर पुढच्या टेकची सलगता बिघडते.

जखमेसाठी सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे द्रव लेटेक्स (रबराचा चीक) आणि टिश्यूपेपर यांचे थर देऊन, वाळल्यावर मधोमध फाडून आत रंग भरणे. लेटेक्समध्ये अमोनिया असतो आणि काहींना त्याची ॲलर्जी असते, म्हणून आधी हातावर चाचणी घ्यावी लागते व डोळ्यांजवळ ते लावत नाहीत. जिलेटिन व ग्लिसरिन यांचे कातडे अधिक जिवंत दिसते, पण दिव्यांच्या उष्णतेत आणि घामाने ते वितळू लागते. मुंबईच्या मे महिन्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी चार वर्षे बहुतांश सुट्टीच्या दिवशी चित्रित केलेल्या ‘बॅड टेस्ट’चे (१९८७) मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले होते.

रक्त वाहते दाखवायचे असेल, तर औषधाच्या दुकानातील सलाइनची नळी कपड्याखालून नेऊन चौकटीबाहेरून सिरिंज दाबतात. कापल्याबरोबर रक्त उमटावे म्हणून त्वचेवर फेरिक क्लोराइड आणि बोथट पात्यावर थायोसायनेट लावण्याची जुनी युक्ती आहे; ही दोन रसायने एकत्र येताच रक्तासारखा लाल रंग तयार होतो. तिच्यातील फेरिक क्लोराइड त्वचेला दाहक असल्याने हौशी मंडळींनी तिच्या वाटेला जाऊ नये. भोंदूबाबांच्या ‘लिंबातून रक्त’ निघण्यामागेही रंगबदलाचेच तत्त्व असते, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ते प्रात्यक्षिकांतून उलगडून दाखवतात.

खऱ्या आतड्यांचा मोह स्वस्त असला तरी टिकाऊ नाही. ‘डे ऑफ द डेड’च्या (१९८५) वेळी फ्रीज बंद राहिल्याने आतडी सडली आणि नटाला त्या दुर्गंधीतच दृश्य द्यावे लागले.

हिंदीत रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित केला. छायाचित्रणापासून ध्वनीपर्यंतची कामे भावंडांतच वाटलेली असत. त्यांची भिस्त मात्र रक्तापेक्षा मुखवटा, धूर आणि रंगीत दिव्यांवर अधिक होती.