पाटीवर ‘नॅशनल’ असलं, तरी न्यूयॉर्कची इमारत वाचवते शहराचीच यादी

न्यूयॉर्कमध्ये जुन्या इमारतींच्या दाराशेजारी ब्राँझच्या पाट्या दिसतात. काहींवर ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ असं कोरलेलं असतं, काहींवर ‘न्यूयॉर्क सिटी लँडमार्क’. बघणाऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो: इमारत ऐतिहासिक आहे, सरकारने ती जपायची ठरवलीय, आता तिला कुणी हात लावणार नाही. त्यातही ‘नॅशनल’ म्हणजे वरच्या दर्जाची असणार, हे आपण न विचारताच धरून चालतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र सगळं उलटं आहे. मालकाने स्वतःच्या पैशाने स्वतःची इमारत पाडायला काढली, तर केंद्राची यादी त्याला अडवत नाही. अडवते ती शहराची.

याचं मूळ सत्तेच्या वाटणीत आहे. अमेरिकेत कुठे काय बांधायचं, किती उंच बांधायचं, काय पाडायचं हे ठरवण्याचा अधिकार राज्यांचा, आणि राज्यं तो शहरांकडे सोपवतात. वॉशिंग्टन सहसा त्यात पडत नाही. म्हणून १९६६ च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याने केंद्र सरकारने मुख्यतः स्वतःचेच हात बांधून घेतले. त्यातलं कलम १०६ सांगतं, की एखाद्या कामात केंद्राचा पैसा किंवा परवाना असेल, तर त्या खात्याने ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं आणि राज्याच्या जतन कार्यालयाशी सल्लामसलत करायची. सल्ला घेणं सक्तीचं, मानणं नाही. आणि कामात केंद्राचा संबंधच नसेल, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

शहराचा कायदा याच्या एक वर्ष आधीचा. १९१० मध्ये सुरू झालेलं भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडायला घेतलं. वास्तुविशारद फलक घेऊन रस्त्यावर उतरले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, पण पाडणाऱ्या कंपनीला अडवायला कुणाकडे कायदाच नव्हता. त्या जागी मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभं राहिलं. या धक्क्यानंतर १९ एप्रिल १९६५ रोजी महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी लँडमार्क्स कायद्यावर सही केली आणि लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशन कायमचं झालं. या आयोगाचे ११ सदस्य महापौर नेमतो. त्यात किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार, एक नगररचनाकार किंवा लँडस्केप आर्किटेक्ट आणि रिअल इस्टेटमधला एक जण हवाच. शिवाय शहराच्या पाचही बरोंमधला, म्हणजे विभागांमधला, किमान एकेक रहिवासी. अध्यक्ष सोडला तर सगळे बिनपगारी. आयोगाने एखाद्या इमारतीला दर्जा दिला, तरी तो निर्णय सिटी कौन्सिलपुढे जातो आणि कौन्सिल तो फिरवू शकतं. म्हणजे या यादीला राजकारणाचा वारा लागतोच. कायदा होऊनही सगळंच वाचलं असं नाही. ब्रॉडवेवरची सिंगर बिल्डिंग, एकेकाळी जगातली सर्वांत उंच इमारत, कायदा लागू असतानाच १९६७ मध्ये पाडायला घेतली. आयोगाने तिला दर्जा दिलेलाच नव्हता.

खरी परीक्षा झाली ग्रँड सेंट्रल टर्मिनलवर. १९६७ मध्ये आयोगाने त्याला लँडमार्क ठरवलं. मालक पेन सेंट्रल रेल्वे तोट्यात होती. तिने १९६८ मध्ये वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयर यांच्याकडून स्टेशनच्या डोक्यावर ५५ मजली टॉवरचा आराखडा करून घेतला. आयोगाने तो फेटाळला. रेल्वे कोर्टात गेली: जतनाच्या नावाखाली तुम्ही आमची मालमत्ताच काढून घेताय, भरपाई द्या. खालच्या कोर्टात रेल्वे जिंकलीसुद्धा. मग माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्यासारखी मंडळी स्टेशन वाचवायच्या मोहिमेत उतरली, वरच्या कोर्टांनी निकाल फिरवला, आणि २६ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला. स्टेशन म्हणून आज जो वापर चालू आहे तो चालूच राहणार, शिवाय न वापरलेले बांधकाम हक्क मालकाला जवळच्या काही भूखंडांवर नेता येतात, असं न्यायालयाने धरलं. मुंबई-पुण्याच्या वाचकाला इथे टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आठवेल, आणि बरोबरच आठवेल. १९९१ च्या नियमावलीतून मुंबईत आलेली गोष्ट याच जातीची आहे.

या खटल्यातला एक बारकावा सहसा सुटून जातो. तो चालू असतानाच, १९७६ मध्ये, केंद्राने ग्रँड सेंट्रलला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क ठरवलं. केंद्राच्या व्यवस्थेत हा ‘रजिस्टर’च्याही वरचा मान. पण टॉवर अडला तो त्या मानामुळे नाही. अडला तो शहराच्या आयोगाने नाकारलेल्या एका परवानगीमुळे.

रोजच्या जगण्यात हा फरक खिडकीत दिसतो. ब्रुकलिन हाइट्स हा १९६५ मध्येच शहराचा पहिला ऐतिहासिक परिसर ठरला. तिथल्या घराची काच फुटली तर बदला, बाहेरचा रंग उडाला तर तोच रंग पुन्हा द्या; विचारायची गरज नाही. पण जुनी लाकडी वर-खाली सरकणारी खिडकी काढून अॅल्युमिनियमची बसवायची, तर आधी आयोगाची परवानगी हवी. आतलं स्वयंपाकघर हवं तसं बदला, त्यात आयोग सहसा लक्ष घालत नाही. आतल्या भागाचं संरक्षण वेगळं जाहीर करावं लागतं, आणि तेही लोकांना खुल्या असलेल्या जागांचंच. फक्त राष्ट्रीय यादीत असलेल्या घराचा मालक हीच खिडकी कुणालाही न विचारता बदलू शकतो.

मालकाच्या संमतीबाबत तर दोन्ही याद्या अगदी विरुद्ध वागतात. खासगी मालकाने लेखी हरकत घेतली, तर राष्ट्रीय यादीत नोंद होत नाही. परिसर असेल तर निम्म्याहून जास्त मालकांची हरकत लागते. शहर मालकाचं ऐकून घेतं, पण त्याची संमती लागत नाही. २०१९ मध्ये स्ट्रँड या प्रसिद्ध पुस्तकाच्या दुकानाची इमारत आयोगाने लँडमार्क केली, तेव्हा मालकिणीचा जाहीर विरोध होता. पुस्तकविक्रीच्या तुटपुंज्या नफ्यावर आणखी कागदपत्रांचं ओझं नको, हे तिचं म्हणणं. मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. इमारतीचा दर्शनी भाग कायद्याने जपला जातो, आतलं दुकान चालतं की बंद पडतं याची हमी कायदा देत नाही.

मग राष्ट्रीय यादी हवीच कशाला? पैशासाठी. भाड्याचं किंवा धंद्याचं उत्पन्न देणारी, यादीतली इमारत ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्त केली, तर पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी सूट केंद्राच्या करातून मिळते. जुन्या गिरण्या आणि गोदामं घरांत बदलण्याचं गणित बऱ्याचदा याच सुटीवर जमतं. शहर अडवतं, केंद्र आमिष दाखवतं. अशी ही विभागणी.

आणि मानासाठीसुद्धा. स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारचं उदाहरण घ्या. २९ एप्रिल १९६९ रोजी ग्रेनिच व्हिलेजला शहराने ऐतिहासिक परिसर ठरवलं, जुन्या घरांसाठी. त्यात स्टोनवॉलची साधीशी इमारतही आपोआप आली. दोन महिन्यांनी, २८ जूनच्या पहाटे, पोलिसांच्या छाप्याविरुद्ध तिथे उठाव झाला आणि समलिंगींच्या हक्कांच्या चळवळीला नवं वळण मिळालं. त्या इतिहासासाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय यादीने तिची नोंद केली, २००० मध्ये वरचा दर्जा दिला. शहराने स्वतंत्र लँडमार्क म्हणून तिचं नाव घातलं ते थेट २०१५ मध्ये. इथे अर्थ केंद्राने आधी ओळखला. भिंती मात्र त्याच्या किती तरी आधीपासून शहराच्या, तेही दुसऱ्याच कारणाने केलेल्या, नियमामुळे सुरक्षित होत्या.

लोअर ईस्ट साइडमध्ये उलट चित्र. स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या चाळींचा हा भाग २००० पासून राष्ट्रीय यादीत आहे. शहराने तिथल्या काही इमारतींना वेगवेगळा दर्जा दिलाय, पण त्या संपूर्ण परिसराला नाही. त्यामुळे यादीतली एखादी चाळ पाडायची, तर मालकाला बांधकाम खात्याचा नेहमीचा परवाना पुरतो.

याच भागात नॉरफोक स्ट्रीटवरचं बेथ हॅमेड्राश हगाडोल हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) दोन्ही याद्यांत होतं: शहराच्या १९६७ पासून, राष्ट्रीय १९९९ पासून. प्रार्थनेला येणारी मंडळी कमी होत गेली, छत गळायला लागलं, २००७ मध्ये वास्तू बंद झाली. लँडमार्क नीट राखणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी, पण खिसा रिकामा असेल तर नोटीस देऊन छत दुरुस्त होत नाही. केंद्राची करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींना, त्यामुळे प्रार्थनास्थळाला तिचा उपयोग शून्य. २०१७ मध्ये आग लागली, आणि उरलेलं बरंचसं उतरवायची परवानगी त्याच आयोगाला द्यावी लागली.