गोफर

गोफर : इंटरनेटवरील मजकूर, फायली आणि शोधसेवा एकात एक गुंफलेल्या याद्यांच्या रूपात वाचकापुढे ठेवणारी माहितीप्रणाली व तिचा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांतील देवाणघेवाणीचे नियम. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकाहिल, फरहाद अंकलेसारिया, पॉल लिंडनर, डॅनियल टॉरी व बॉब अल्बर्टी यांनी ती १९९१ मध्ये तयार केली. वर्ल्ड वाईड वेबचा जन्मही त्याच सुमाराचा. पण पहिली दोन-तीन वर्षे इंटरनेटवर माहिती धुंडाळणारे बहुतेक लोक गोफरच वापरत.

त्यापूर्वी इंटरनेटवर माहिती भरपूर होती, वाट मात्र ठाऊक असावी लागे. एफटीपी या फायली आणण्या-पाठवण्याच्या पद्धतीने फाईल आणायची तर ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या डिरेक्टरीत, नेमक्या कोणत्या नावाने ठेवली आहे हे आधीच माहीत हवे. माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी १९९० मध्ये ‘आर्ची’ ही फायलींच्या नावांची शोधसूची केली. तिने पत्ता सापडे, पण फाईल आणण्याची खटपट उरेच. मिनेसोटात विद्यापीठभरची माहिती एकत्र आणण्यासाठी समिती बसली होती आणि तिचा ओढा मोठ्या मेनफ्रेम संगणकावरील भारदस्त योजनेकडे होता. मकाहिल यांच्या चमूने उलटा विचार केला. प्रत्येक विभागाने आपल्याच टेबलावरच्या संगणकात आपली माहिती ठेवावी, तिची यादी करावी आणि या याद्या एकमेकींना जोडाव्यात.

गोफर हा उत्तर अमेरिकेतील बिळे खोदून राहणारा लहान प्राणी. मिनेसोटा राज्याचे टोपणनावच ‘गोफर स्टेट’ आहे आणि विद्यापीठाचे खेळाडू ‘गोल्डन गोफर्स’ म्हणून ओळखले जातात. ‘गो फर’, म्हणजे ‘जा, घेऊन ये’, असा उच्चारातला श्लेषही नावात आहे. सांगितलेली वस्तू आणून देणाऱ्या प्रणालीला तो शोभतो.

रचना थक्क करणारी साधी आहे. वाचकाचा प्रोग्रॅम सर्व्हरच्या, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाच्या, ७० क्रमांकाच्या पोर्टशी (जोडणीच्या दाराशी) जोडणी करतो आणि एक ओळ पाठवतो; ओळ कोरी असेल तर मुख्य यादी परत येते. यादीतील प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर नोंदीचा प्रकार सांगते : ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे आणखी एक यादी, ७ म्हणजे शोध, ९ म्हणजे बायनरी (साधा मजकूर नसलेली) फाईल. त्यानंतर वाचकाला दिसणारे शीर्षक आणि मग, टॅबने विलग केलेले, निवडीचे सूत्र (ती नोंद मागण्यासाठी सर्व्हरला पाठवायची ओळ), यंत्राचे नाव व पोर्ट क्रमांक. शेवटच्या ओळीत नुसता पूर्णविराम येतो आणि जोडणी तुटते. आधीच्या जोडणीतले काहीही सर्व्हर लक्षात ठेवत नाही. मार्च १९९३ मध्ये आरएफसी १४३६ या दस्तऐवजात हे नियम प्रसिद्ध झाले.

ओळीतले यंत्राचे नाव हा या रचनेचा प्राण होय. यादीतली तिसरी नोंद त्याच इमारतीतली आणि चौथी दुसऱ्या खंडातली असू शकते. वाचकासाठी दोन्ही एकाखाली एक, सारख्याच. अशा जोडलेल्या याद्यांच्या विस्ताराला ‘गोफरस्पेस’ म्हणू लागले.

विस्तार वाढला तशी शोधाची गरज भासली. रीनो येथील नेवाडा विद्यापीठात १९९२ मध्ये ‘व्हेरोनिका’ ही शोधसेवा आली, पुढच्या वर्षी युटा विद्यापीठातून ‘जगहेड’ आले. ही नावे आर्ची कॉमिक्समधल्या पात्रांची. मूळचे ‘आर्ची’ मात्र ‘अर्काइव्ह’ शब्दातला ‘व्ह’ गाळून झाले होते. व्हेरोनिका फक्त याद्यांतील शीर्षके पाही, आतला मजकूर नाही. त्यामुळे शीर्षक नेमके लिहिणाऱ्याचा दस्तऐवज सापडे आणि नुसते ‘इतर माहिती’ लिहिणाऱ्याचा कोपऱ्यात पडून राही. उत्तम ग्रंथपालाची शिस्त गोफरने संगणकवाल्यांकडून मागितली.

१९९३ च्या आरंभी विद्यापीठाने आपल्या गोफर सर्व्हरच्या व्यावसायिक वापरासाठी परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले. प्रणाली चालवण्याचा खर्च विद्यापीठ सोसत होते, हे खरे. पण जी गोष्ट सर्वांची म्हणून लोकांनी उचलली होती तिच्याभोवती कुंपण पडते आहे, अशी धास्ती पसरली. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपीय भौतिकी संशोधन संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले. मोझेक ब्राउझरही त्याच वर्षी आला. मजकुरातच चित्रे आणि मजकुरातल्याच शब्दांवर दुवे, हे गोफरच्या याद्यांना जमणारे नव्हते. १९९४ मध्ये वेबची वाहतूक गोफरच्या पुढे गेली. तांत्रिक मर्यादेइतकाच विश्वासाला गेलेला तडाही या पीछेहाटीला कारणीभूत मानावा लागतो. विद्यापीठाने २००० साली सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले केले, तेव्हा फार उशीर झाला होता.

भारतात विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तोवर गोफरचा बहर ओसरला होता. मराठीला तर त्यात जागाच नव्हती. यादीत साध्या इंग्रजी लिपीपलीकडची अक्षरे आलीच तर ती लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचातली असावीत, असे आरएफसी १४३६ सांगतो आणि त्या संचात देवनागरी नाही. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या अक्षरसंचाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. दोघांची गाठ मात्र वेळेवर पडली नाही. आज यूटीएफ-८ ही युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत वापरून मराठी यादी सहज देता येते.

फायरफॉक्सने २०११ मधील चौथ्या आवृत्तीत गोफरचा आधार काढला. तरी हौशी मंडळींनी काही सर्व्हर जिवंत ठेवले आहेत. फ्लडगॅप हा त्यांतला प्रमुख, तेथे ‘व्हेरोनिका-२’ हा शोधही चालतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जेमिनी प्रोटोकॉलने गोफरचाच साधेपणा पुढे नेला. लिंक्स या मजकुरी ब्राउझरमध्ये गोफरचा पत्ता टाकला, तर ७० क्रमांकाच्या पोर्टवरून आजही यादी उतरते.