वायफाय तुटतंय म्हणजे कार्ड गेलं? बहुतेकदा नाही

‘लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय? कार्ड गेलं, बदलून टाका.’ सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी विद्यार्थ्यांचे पैसे उगाच जातात, याचं फार वाईट वाटतं.

कार्ड, म्हणजे लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग, खरंच गेलं, तर अनेकदा ते लॅपटॉपला दिसेनासंच होतं. वायफाय बंद-चालू केल्यावर जोडणी लगेच परत येत असेल, तर आधी विंडोजची वीजबचत तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडा, वायरलेस अडॅप्टरच्या (म्हणजे त्याच कार्डाच्या) प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंटवर जा आणि वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घ्या. खरं तर ड्रायव्हर सगळ्यांनीच बघावा.

मग जागा बघा. वायफाय बहुतेकदा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ या लहरींवर चालतं. जुन्या वाड्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त अडवतात, तिथे २.४ बरा. अपार्टमेंटमध्ये उलटं: शेजाऱ्यांच्या राउटरांची २.४ वर गर्दी होते. तिथे ५ वापरा, नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ च्या चॅनेलांपैकी (म्हणजे लहरींच्या उपपट्ट्यांपैकी) १, ६, ११ यांतला मोकळा निवडा. त्याच जागी फोनचंही वायफाय तुटत असेल, तर लॅपटॉप दुकानात नेऊच नका, राउटर तपासा.