राज्य लॉटरीचं बक्षीस लागलं, तर पुढे काय?

गणपतीला आलेला चाकरमानी पाकिटातून चार घड्या घातलेलं तिकीट काढतो आणि म्हणतो, "काका, शेवटचे चार आकडे जुळतायत वाटतं." आपल्याकडच्या पावसात ते तिकीट ओलं झालेलं, मालिकेचं अक्षर पुसट. इथेच निम्मं काम बिघडतं. तिकीट हाच तुमचा मुख्य पुरावा. ते फाटलं किंवा आकडा वाचता येईना, तर बाकीचे कागद कितीही चोख असोत, उपयोग नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ला सुरू झाली. मटक्याकडे, म्हणजे एकेका आकड्यावर पैसे लावायच्या बेकायदा जुगाराकडे, वळणाऱ्या लोकांना सरकारमान्य वाट मिळावी आणि तिजोरीत भर पडावी, हा हेतू. म्हणून 1998 च्या केंद्रीय लॉटरी कायद्यात एक अट मला फार बोलकी वाटते: नुसत्या एका अंकावर बक्षीस ठेवता येत नाही. मटक्याची सवय असलेल्याला त्यामागचं कारण सांगायला नको! साप्ताहिक सोडती असतातच, शिवाय दिवाळी, गुढीपाडवा अशा बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या खास सोडती. त्या कॅलेंडर वर्षात सहापेक्षा जास्त काढता येत नाहीत.

पात्रता म्हणाल तर अस्सल तिकीट हातात असणं. त्यामुळे निकाल राज्य लॉटरीच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलात की आधी तिकिटामागे नाव, पत्ता लिहून सही करा. कोऱ्या पाठीचं तिकीट ज्याच्या हाती, त्याचं. लॅमिनेशन करू नका, मागे सही कुठे करणार? दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून वेगळी ठेवा.

छोटी रक्कम विक्रेताच देतो. मोठ्या रकमेसाठी राज्य लॉटरीच्या नवी मुंबईतल्या वाशीच्या कार्यालयात मागणी अर्ज करायचा. सोबत मूळ तिकीट, पॅन, आधार, फोटो आणि रद्द केलेला चेक न्या. नाव सगळीकडे एकसारखं हवं. आधारवर "गणपत" आणि पासबुकावर "गणपतराव" असेल, तर बँकेत जाऊन आधी ते दुरुस्त करा. तिकिटामागची मुदत वाचा. ती उलटली की बक्षीस सरकारजमा.

बक्षीस 10,000 च्या वर गेलं की 30 टक्के कर आधीच कापतात. एक लाख लागले तर हातात 70,000. बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी यातून सुटका नाही, उलट विवरणपत्र भरताना त्या 30,000 च्या करावर 4 टक्के उपकराचे 1,200 आणखी. "आधी कर भरा, मग बक्षीस देतो" असा फोन आला तर बेधडक ठेवून द्या, कर बक्षिसातूनच जातो.

वाडीतल्या पाचजणांनी मिळून तिकीट काढलं असेल, तर मागे सही कोणाची, हे सोडतीआधीच ठरवा. दावा एकाच्या नावे गेला की कर त्याच्याच पॅनवर दिसतो, आणि मग चहाच्या टपरीवर हिशेब सुरू होतो. वाशीला जायला रत्नागिरीहून निघालात तर पनवेलला उतरून हार्बरची लोकल पकडा. तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आतल्या खिशात.