हॉलोवीनच्या थीम पार्कातली भीती आली कुठून? लवकर घाबरणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी

दारामागून कोणी भॉक केलं तरी माझ्या छातीत पुढची पाच मिनिटं धडधडत राहतं. अशा माणसाला मित्रमंडळी हॉलोवीनच्या रात्री थीम पार्कात चल म्हणतात तेव्हा पहिला विचार येतो की पैसे देऊन घाबरायला जायचंच कशाला. मलाही तेच वाटायचं, मग मी या प्रकाराचा इतिहास वाचत गेले आणि हळूहळू लक्षात आलं की हे सगळं आपल्यासारख्यांना धरूनच उभं राहिलंय, कारण न घाबरणाऱ्या माणसासमोर भूत बनून उभं राहण्यात काय अर्थ आहे?

सुरुवात पार्कात झालीच नाही, ती घरांच्या तळघरांत झाली. 1930 च्या दशकात अमेरिकेत मंदी होती आणि हॉलोवीनच्या रात्री पोरांचा धुडगूस फारच वाढलेला, मालमत्तेची मोडतोड वगैरे, म्हणून वस्तीतले मोठे लोक पोरांना गुंतवून ठेवायला पार्ट्या करायला लागले आणि तळघरात अंधारी वाट तयार करायचे. भिंतीला कच्च्या लिव्हरचे तुकडे, वरून लोंबणारे ओले स्पंज जे चालताना गालाला लागणार, कोपऱ्यातून कण्हण्याचे आवाज. मला हे वाचूनच अंगावर काटा आला. आजच्या महागड्या सेटमध्येही मूळ युक्ती हीच आहे, दिसत काही नाही आणि काहीतरी जवळ आहे असं वाटत राहतं.

पार्कात हे मोठ्या प्रमाणात आलं 1973 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ब्यूना पार्कमधल्या नॉट्स बेरी फार्मला. ऑक्टोबरच्या शेवटी फक्त तीन रात्री. नवीन काही बांधलं नव्हतं, खाणीतली ट्रेन आणि लाकडाच्या ओंडक्यांची राईड होती त्यातच राक्षस बसवले आणि पार्कातल्या जुन्या वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयच्या काळासारख्या बांधलेल्या गावाच्या गल्ल्यांमध्ये भुतं फिरायला लागली. आपल्यासारख्यांसाठी ही गल्लीची गोष्ट महत्त्वाची, कारण राईडमध्ये बसायचं की नाही हे आपल्या हातात असतं पण रस्त्यावरून तर चालावंच लागतं. स्लायडर म्हणतात ते लोक याच गल्ल्यांमधून तयार झाले, गुडघ्यांना धातूच्या पट्ट्या बांधून धावत येतात आणि एकदम जमिनीवर घसरत तुमच्या पायांपाशी थांबतात, खाली ठिणग्या उडतात, धातू घासल्याचा तो खर्रर्र आवाज आधी पोटात जातो आणि माणूस नंतर दिसतो.

पुढचा टप्पा दुःखद आहे आणि तो गाळून पुढे जाणं मला पटत नाही. 11 मे 1984 ला न्यू जर्सीत सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कातल्या हॉन्टेड कॅसल नावाच्या भुताच्या वाड्याला आग लागली आणि आठ टीनेजर मुलं गेली. ट्रेलर एकमेकांना जोडून बनवलेलं ते बांधकाम, आत पटकन पेट घेणारा फोम, आणि आग लागली की छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर अशा जागांचे नियम कडक झाले, स्प्रिंकलर आणि धूर ओळखणारी यंत्रणा तर आलीच, शिवाय अलार्म झाला की आतले दिवे लागले पाहिजेत आणि भीतीदायक आवाज बंद झाले पाहिजेत असंही नियमात आलं. म्हणजे आपण ज्या अंधारात थरथरतो तो अंधार कुणाच्या तरी हातात आहे आणि गरज पडली तर तो घालवायचाच आहे. मला आतून धीर आला तो या एका गोष्टीने.

1991 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्काने फ्राइट नाइट्स नावाने तीन रात्री केल्या, एकच हॉरर हाऊस, म्हणजे आतून चालत जायचं भुतांचं घर होतं. पुढच्या वर्षी नाव बदलून हॉलोवीन हॉरर नाइट्स झालं आणि अलीकडे तिथे दहा हाऊस आणि चाळीसच्या वर रात्री असतात, हा व्यवसाय किती वाढला ते यावरूनच कळतं. याच काळात भीतीचे प्रकारही वेगळे झाले. 1995 ला डिस्नेने फ्लोरिडातल्या आपल्या मॅजिक किंगडम पार्कात एका रात्रीची मुद्दाम कमी भीतीची पार्टी ठेवली, लहान मुलं डोळ्यासमोर ठेवून, आणि नंतर काही पार्कांनी चमकणाऱ्या माळा विकायला सुरुवात केली, ती गळ्यात असली की ऍक्टर तुम्हाला सोडून देतो. मोठ्या पार्कांत साधारण नियम असतो की ऍक्टर अंगाला हात लावत नाही आणि आपणही लावायचा नाही, आणि घाबरवायचं ते पुढच्या दिशेने, म्हणजे माणूस पळाला तरी बाहेरच्या वाटेकडेच पळेल.

डेन्मार्कच्या संशोधकांनी 2019 मध्ये एका हॉन्टेड हाऊसमधल्या लोकांचा अभ्यास छापला. त्यांना दोन तऱ्हा दिसल्या, काहीजण मुद्दाम भीती वाढवत जातात आणि काहीजण सतत ती दाबत जातात, डोळे मिटून, शेजाऱ्याला धरून, हे खोटं आहे असं स्वतःला सांगत. बाहेर आल्यावर समाधान मात्र दोन्हीकडे साधारण सारखंच. म्हणजे डोळे मिटणाऱ्यांचा अनुभव काही कमी प्रतीचा नसतो, हे मला फार आवडलं.

शेवटी गेल्या वर्षी मी गेलेच. ग्रुपच्या मधोमध, मैत्रिणीच्या बॅगेचा पट्टा मुठीत धरून. पहिल्या हाऊसमध्ये धूर आणि लुकलुकणारे दिवे इतके होते की स्वतःचे पाय दिसत नव्हते, पडद्यामागून कोणीतरी झेपावलं आणि मी ओरडले, मग परत ओरडले. पण प्रत्येक वळणावर आधी वर बघत होते आणि दाराच्या वर एक्झिटचा छोटा बोर्ड पेटलेला होता. सहा मोजले.