उरलेली जुनी वाईन आणि लोणच्याची बरणी

बरणीत फोडींच्या दोन बोटं वर तेल यायला हवं, हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. इटलीतल्या तोस्काना भागात वाईनचंही असंच करत. गवताचं वेष्टण असलेल्या गोल बुडाच्या ‘फियास्को’ बाटलीत वाईनवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर सोडायचा आणि प्यायच्या वेळी तो अलगद काढून टाकायचा. हवा वाईन बिघडवते एवढं लोकांना ठाऊक होतं; कशी, ते नव्हतं.

ते कळलं १८६० च्या दशकात. निर्यातीच्या वाटेत फ्रेंच वाईन खराब होत होती, म्हणून १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने शास्त्रज्ञ लुई पाश्चरना कामाला लावलं. त्यांनी वाईन काचेच्या बंद नळ्यांत ठेवली, काही काठोकाठ भरलेल्या, काही अर्ध्या. भरलेल्या जशाच्या तशा राहिल्या, अर्ध्या नळ्यांतल्या वाईनचा रंग काही आठवड्यांत उतरला आणि तळाशी गाळ बसला. १८६६ मध्ये हे पुस्तकरूपाने आलं. (दुधाच्या पिशवीवरचं ‘पाश्चराइज्ड’ याच गृहस्थांच्या नावावरून आलं, पण त्यांनी ते तापवणं सुरू केलं ते वाईनसाठी.)

जुन्या वाईनची अडचण वेगळी. पंधरा वर्षांत तिच्यातलं सल्फाइट (वाईन टिकवणारं रसायन) आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतलं तुरट द्रव्य) बरंचसं खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे ऑक्सिजनशी झुंजायला हाताशी फारसं काही उरत नाही. बाटली उघडल्यावर तरुण रेड वाईन फ्रीजमध्ये तीन-चार दिवस निभावते, म्हातारी मात्र काही तासांतच मलूल होते. मदेरा ही पोर्तुगीज बेटावरची वाईन याला अपवाद, कारण ती मुळात उष्णता आणि हवा सोसूनच तयार होते.

उरलेली जुनी वाईन टिकवायची कशी, हा प्रश्न पुण्याला तसा नवाच. नारायणगावला १९८० च्या दशकात वाईन बनू लागली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. पण ती बहुतेक वाईन लवकर प्यायची. जुनी बाटली घरी येते ती परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून.

उपकरणंही आली. हवा खेचणारा हातपंप १९८० च्या दशकात नेदरलँड्समधून आला, पण तो सगळी हवा काढू शकत नाही आणि, माझ्या मते, नाजूक वासही थोडा ओढून नेतो. ग्रेग लॅम्ब्रेख्ट यांचं कोराव्हिन २०१३ मध्ये बाजारात आलं. त्यात बुचातून सुई घालतात, आर्गॉन वायू आत सोडतात आणि ग्लासभर वाईन काढून घेतात. आर्गॉन कशाशीच अभिक्रिया करत नाही. युक्ती झकास, पण बूच एकदा उपटलं की तिचा उपयोग संपला, आणि जुनं बूच सुई लागताच भुगा व्हायची भीती असतेच.

गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी रेड उघडली. पिणारे दोघंच. उघडल्याबरोबर निम्मी वाईन, गाळ ढवळू न देता, ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत बुचाला टेकेपर्यंत भरली आणि फ्रीजमध्ये उभी ठेवली. मोठ्या बाटलीतली थोडी मुद्दाम ओट्यावर राहू दिली. दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावरच्या वाईनच्या कडा विटकरी झाल्या होत्या आणि तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत होता. छोटीतली अर्धा तास बाहेर काढून ठेवली, मग ओतली. आदल्या दिवशीपेक्षा किंचित मवाळ होती, पण सुक्या अंजिराचा वास अजून तसाच होता.